वाफ्यातला खार

पाटोदा, ६ एप्रिल २०२५

अक्कांना सत्यशीलाचा नमस्कार.

परवा कारखान्यावरून घरी आलो. सगळा हंगाम पाचटाच्या कोपीत काढल्यावर आपल्या घराचा उंबरा ओलांडताना मला रडूच आलं. हे म्हणाले, "घर बघून कावून रडती? कोपी बघून रडायचं व्हतं." तुमचा भाऊ कसा बोलतो ते तुम्हाला मी काय सांगायचं!

आल्याआल्या परसात गेले. आम्ही ऊसतोडीला गेलो असताना संक्रांतीला तुम्ही न्हाणीच्या नालीवर टमाट्याची रोपं लावून गेलात, ती आता माझ्या कमरेला लागतात. माय आणि आमची मनिषा दोघीच घरी होत्या, पण अंघोळीच्या पाण्यावर त्यांनी रोपं लेकरांसारखी सांभाळली. काल पहिली तोड केली. मायने टमाटे तव्यावर भाजून लसूण-मिरची घालून ठेचले. मनिषा भाकरीवर भाकरी मागत होती आणि तिच्याकडे बघून मीही दोन जास्त खाल्ल्या.

एक सांगायचं राहिलं. शेवटच्या फडात यांच्या पायात उसाचा खुंट घुसला, अंगठ्याच्या बुडाशी. हळद भरली आहे. विचारलं की म्हणतात, "मुंगी चावली म्हन." दुखत नाही म्हणतात, आणि खरंच दुखत नसावं, म्हणून मीही काळजी करत नाही.

सोमेश्वर आणि बारकीला कधी पाठवता? मनिषा रोज विचारते.

तुमची,
सत्यशीला


धर्मापुरी, ११ एप्रिल

सत्यशीला,

तुझं पत्र आलं की मला घरात कोणीतरी बोलायला आल्यासारखं वाटतं. दोन वर्षांपूर्वी तापात कान गेले तेव्हापासून फोनचा मला उपयोग नाही. बजरंगाचा फोन आला की आमचा सोमेश्वर अर्धा तास हसतखिदळत बोलतो आणि मला खुणेने सांगतो, "सगळं ठीक." अर्ध्या तासाचं एवढंच! म्हणून तू लिहीत जा.

तुझ्या पत्रातलं एक मला मुळीच आवडलं नाही. पाय दुखत नाही हे. अगं, आमच्या बापूंचा पायही दुखत नव्हता. पायात खिळा जाऊन बसला होता आणि बापू देवळापर्यंत चालत गेले होते. अंगात साखर होती ते कोणाला ठाऊक नव्हतं. बीडला नेलं तेव्हा पाय काळा पडला होता. गुडघ्यापासून कापला, आणि महिन्याच्या आत बापू गेले. तू तेव्हा त्या घरात आली नव्हतीस. बजरंग होता. बापूंची काठी अजून आढ्याला असेल, त्याला दाखव. त्याला धरून दवाखान्यात ने, साखर तपासून घे. ऐकत नसेल तर म्हणावं, अक्काने सांगितलंय.

रोपांना तुराट्यांचा आधार दे, फळाच्या ओझ्याने वाकतील. पोरं एक तारखेला निघतात. सोमेश्वरने आत्तापासून खिशात तिखट-मिठाची पुडी बांधून ठेवली आहे. वाफ्यातच बसून खाणार म्हणतो.

विजयमाला


पाटोदा, १८ एप्रिल

अक्कांना नमस्कार.

तुमचं पत्र मनिषाने नेहमीसारखं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

पाय बरा आहे. यांनी सांगितलं, पाय बरा आहे असं लिही. पाय बरा आहे. यापुढे पायाचं तुम्ही विचारायचं नाही आणि मी लिहायचं नाही, असं घरात ठरलं आहे.

पोरांना यंदा पाठवू नका. टँकर वेळेवर येत नाही, गैरसोय होईल.

बाकी टमाट्यांचं लिहिते. तुराट्या लावल्या. पण पानं कडेने करपायला लागली आहेत. आधी टोक तांबडं होतं, मग कड वाळते, मग पान आत वळतं. न्हाणीजवळची रोपं जास्त करपली आहेत. वाफ्यात ओल आहे, हात घालून बघितलं, तरी रोपं तहानल्यासारखी माना टाकतात. फुलं गळतात. हे कशाने होत असेल?

पत्र हे स्वतः गाडीवर जाऊन पेटीत टाकणार आहेत.

सत्यशीला


धर्मापुरी, २४ एप्रिल

सत्यशीला,

पायाचं वाचून जीव भांड्यात पडला. पुढचं वाचून मात्र तोंडचा घास गोड लागेना.

सहा तारखेला "पोरांना कधी पाठवता" म्हणतेस आणि अठराला "पाठवू नका" म्हणतेस. मधल्या दिवसांत माझ्या पोरांनी तुझं काय बिघडवलं? टँकर काय यंदाच उशिरा येतो? त्या घरात एका बकिटीत चौघा भावंडांची अंघोळ झालेली आहे, मला नको सांगूस. बारकी रात्रीपासून जेवली नाही. सोमेश्वरने पुडी सोडून मीठ डब्यात परत ओतलं. माय असताना माझं माहेर बंद होईल असं मला वाटलं नव्हतं.

बजरंग असा नाही. त्याला माझ्या पोरांचा लळा आहे. तेव्हा हे कोणाच्या मनातलं आहे ते मला कळतं. कान गेलेत, डोकं शाबूत आहे.

पानांना ऊन लागतंय. चार तुराट्या रोवून वरून जुनं लुगडं बांध आणि पाणी संध्याकाळी जाऊ दे. एवढं तरी कर.

विजयमाला


पाटोदा, १ मे

अक्का,

तुम्ही रागावलात. रागवा. पण पत्र वाचायचं सोडू नका.

लुगडं बांधून आठवडा झाला. उन्हाने नाही करपत. पहिली दोन रोपं मेली. उपटली तर मुळं तपकिरी झालेली. आणि वाफ्यावर आता पांढरं फुटलं आहे, सकाळी वाळलं की पिठी भुरभुरल्यासारखं दिसतं. बोट लावून चाखलं. खारट लागतं, अक्का. न्हाणीच्या तोंडाशी सगळ्यात दाट आहे आणि दुसऱ्या टोकाला नाहीच. म्हणजे जे येतं ते न्हाणीतूनच येतं.

तुम्ही नुसतं पान बघून झाडाचं दुखणं सांगता. हे कशाचं आहे ते सांगा. लवकर सांगा. उशीर झाला तर हाती काही लागणार नाही.

हे शेजारी बसून वाचत आहेत. म्हणतात, "बायकांला टमाट्याच्या म्होरं काय सुचतच न्हाई." पत्र आता त्यांच्याच हाती देते.

सत्यशीला


धर्मापुरी, ६ मे

सत्यशीला,

खारट लागतं म्हणतेस आणि कारण मला विचारतेस? कमाल आहे तुझी!

कैऱ्या चिरून मिठात घातल्या असशील, सुटलेलं पाणी न्हाणीत ओतलं असशील. वर पापडाच्या पिठाची भांडी तिथेच धुतली असशील. लग्न होऊन आलीस त्या उन्हाळ्यात मी तुला पहिली गोष्ट काय सांगितली होती? लोणच्याचं पाणी नालीत नाही ओतायचं, उकिरड्यावर टाकायचं. टमाटा रोज कोरडा ठेवलास तर राहील, मीठ त्याला सोसायचं नाही. मी थंडीत तिथे ओणवी होऊन रोपं लावली, ती तू मिठाने मारलीस. आणि माय काय करते? तिला दिसत नाही का?

माझ्या पोरांना फळं नाही खायला मिळाली ती नाहीच, तुम्हाला तरी मिळायची होती.

विजयमाला


पाटोदा, १० मे

अक्का,

यंदा लोणचं घातलेलं नाही. कैऱ्या घरात आल्याच नाहीत. पापड नाहीत, कुरडया नाहीत, सांडगे नाहीत. उन्हाळ्याचं कोणतंच काम यंदा या घरात झालं नाही.

खडेमीठ मात्र दुकानातून येतं. आणलेलं संपतं आणि पुन्हा येतं.

चार रोपं उरली आहेत.

सत्यशीला


धर्मापुरी, १४ मे

सत्यशीला,

हे पत्र सोमेश्वरच्या बाबांच्या हाती पाठवते आहे. त्यांच्यासोबत शेजाऱ्यांची जीप आहे. बजरंगाला त्याच जीपमध्ये बसवून बीडला न्यायचं आहे, आज, आत्ता. तो काय म्हणेल ते ऐकायचं नाही. सोमेश्वरच्या बाबांचा शब्द त्याने आजवर मोडलेला नाही.

तुझं पत्र दुपारी आलं. गोठ्यात उभ्याउभ्या वाचलं. लोणचं नाही, पापड नाहीत, मग घरात एवढं मीठ कोण खातं? आणि मला बापू दिसले गं. संध्याकाळी घंगाळात पाय सोडून बसलेले. माय खडेमीठ घालून पाणी तापवायची. सूज उतरते म्हणायची. मग ते पाणी न्हाणीत ओतायची. त्या साली नालीवरची केळ वाळली होती. मला वाटलं होतं, घरातला कर्ता माणूस जायचा म्हणून केळ वाळली. इतकी वर्षं मी तेच सांगत आले.

मी येत नाही. डॉक्टर बोलतील ते मला ऐकू येणार नाही, आणि बजरंगाने माझ्याकडे बघितलं तर माझं मन विरघळेल. तू सोबत जा. माय आणि मनिषाला परतीच्या जीपने माझ्याकडे पाठव.

लोणच्याचं जे लिहिलं ते विसर. विसरता येणार नाही, पण विसर.

विजयमाला


बीड, २२ मे

अक्कांना नमस्कार.

दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहिते आहे. फोनवरून भावजींनी सोमेश्वरला सांगितलंच असेल, पण तुमच्यापर्यंत "सगळं ठीक" एवढंच पोहोचलं असेल.

सगळं ठीक नाही. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढलं. साखर इतकी होती की डॉक्टरांनी दोनदा तपासली. पाय वाचावा असं म्हणतात. वाचला असं अजून कोणी म्हणत नाही. जखम रोज उघडून धुतात तेव्हा मी तोंड फिरवत नाही.

हे माझ्याशी बोलत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडतात. भावजींना म्हणाले, "घरच्या मानसानंच दगा दिला." अक्का, आता तुम्हाला सांगते. तुमचं ते पहिलं पत्र वाचून झालं त्याच दिवशी यांनी माझा हात मनिषाच्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "पायाचं एक अक्षर अक्काला कळवलंस तर ह्या पोरीचं बरंवाईट तुझ्या माथी." पोरांना नको म्हणणंही यांचंच, पोरांनी पाय बघून तुम्हाला सांगितलं असतं. बापूंचा पाय कापला आणि बापू गेले, हे त्यांच्या मनात घट्ट बसलं आहे. कापलं की माणूस संपलं. मायच्या मनातही तेच. पाणी मायच तापवायची, ओतायला माझ्याकडे द्यायची.

पहिले काही दिवस मी सवयीने नालीत ओतलं. मग पानं करपलेली दिसली. तेव्हा मला बकीट उकिरड्यावर नेता आली असती, बाभळीखाली ओतता आली असती. नाही ओतली. शपथ पायाची होती, पाण्याची नव्हती, अशी मी मनाची समजूत घातली. पत्र यांच्या डोळ्यांखालून जायचं, त्यात टमाट्यांशिवाय दुसरं काही लिहायची सोय नव्हती. फळं धरलेली रोपं मी रोज हाताने मारत होते आणि तुम्हाला विचारत होते, कशाने मरतात. तुमचं लोणच्याचं पत्र आलं त्या दिवशी न्हाणीत बसून तोंडात पदर कोंबून रडले.

काल घरचा फोन आला तेव्हा भावजी म्हणाले, मनिषाला ताप आहे. तेव्हापासून माझ्या घशाखाली पाणी उतरत नाही. अक्का, मला खरं सांगा. शपथ मोडली का?

सत्यशीला


धर्मापुरी, २७ मे

सत्यशीला,

आधी मनिषाचं. ताप उन्हाचा होता. सोमेश्वरच्या मागे भर दुपारी देवळाच्या आवारात हुंदडत होती, दुसरं काय होणार? कांद्याचा रस तळपायाला चोळला, डॉक्टरची गोळीही दिली, परवा उतरला. आज सकाळी भांडून बारकीच्या ताटातली भाकरी तिने ओढून घेतली. पोर ठणठणीत आहे. हे वाचून झालं की आधी पाणी पी.

आता शपथेचं. तुझी सगळी पत्रं काढून बसले होते. शपथेनंतरच्या पत्रांत पायाचं एकच वाक्य आहे, पाय बरा आहे, आणि ते बजरंगानेच लिहवून घेतलेलं. तू फक्त टमाट्यांचं लिहिलंस. त्यावरून मला काय कळायचं ते कळलं, तो दोष असला तर माझ्या डोक्यावर. तुझ्या नाही आणि पोरीच्या तर नाहीच नाही.

खरी चूक वेगळीच आहे. "खारट लागतं" असं तू पहिल्या तारखेला लिहिलंस. त्यावर मी तुला लोणचं शिकवत बसले. पोरांना नको म्हटल्याचा राग माझ्या डोळ्यांवर होता. तेव्हाच जीप धाडली असती तर कदाचित एखादं बोट राहिलं असतं. हे मला कोणी बोलत नाही, पण मी रोज स्वतःला बोलते.

माय अळणी जेवते आहे. भाजीत मीठ घातलं की ताट सरकवते. परवा माझ्या हातावर बोटाने लिहिल्यासारखं करत, तोंड जवळ आणून, मला ओठ दिसतील असं म्हणाली, "दोघांच्या पायात मीठ म्याच वतलं." मी तिला जवळ घेतलं. बजरंगाचा पाय बरा झाल्यावर कपिलधारला दर्शनाला जायचं म्हणते, मी हो म्हटलं आहे.

बजरंगाला सुट्टी मिळाली की कळव. मनिषासोबत तुझी पत्रं परत पाठवते. त्याला बघायची असतील तर बघू दे.

विजयमाला


पाटोदा, ८ जून

अक्कांना सत्यशीलाचा नमस्कार.

मंगळवारी यांना घेऊन घरी आलो. माय आणि मनिषा आदल्या दिवशीच येऊन घर झाडून बसल्या होत्या. घरात शिरताना यांनी आढ्याला बापूंची काठी बघितली. मला वाटलं मागतील. मागितली नाही. मनिषाच्या खांद्यावर हात टाकून आत आले.

परसात खाट टाकून दिली आहे. समोर वाफा. त्यात आता काही नाही, नुसत्या तुराट्या आणि तुमच्या सांगण्यावरून बांधलेलं लुगडं. लांबच्या टोकाचं एक रोप शेवटपर्यंत हिरवं होतं, आम्ही बीडला असताना तेही पाण्यावाचून गेलं. ते मिठाने मेलं नाही, एवढं मात्र खरं.

गुरुवारी दुपारी यांनी मनिषाला पत्रांची पिशवी मागितली. "वाच," म्हणाले. ती वाचत गेली. मी चुलीपुढे बसून ऐकत होते, अक्का, आणि माझेच शब्द मला परक्या बाईचे वाटत होते. करपलेली पानं, गळलेली फुलं, तपकिरी मुळं. "बोट लावून चाखलं" इथे मनिषा आली तसं यांनी तिला थांबवलं. पत्र हातात घेतलं. उलटसुलट करून बघितलं. मग तिलाच म्हणाले, "ह्ये तर म्याच वाचलं व्हतं. म्याच पेटीत टाकलं." पुढचं वाचायला सांगितलं नाही. पत्र तसंच छातीवर ठेवून पडून राहिले. मला हाक मारतील असं वाटलं, म्हणून मी भाकऱ्या झाल्या तरी चुलीपुढून उठले नाही. हाक आली नाही.

पुढच्या हंगामाला फडात उभं राहता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले आहेत. त्याचं काय करायचं ते अजून कोणी कोणाशी बोललेलं नाही. रात्री यांना झोप नसते, ते मला अंधारातही कळतं. माय अजून मिठाच्या डब्याला हात लावत नाही, ते काम मनिषाचं झालं आहे.

आज सकाळी मी वाफ्यात वाकून तुराट्या उपटत होते. पाठीमागून आवाज आला, "माती बदलावी लागंल."

मी वळून बघितलं. खाटेवर उठून बसले होते आणि माझ्याकडे बघत होते, भिंतीकडे नाही. दवाखान्यात गेल्यापासून हे माझ्याशी पहिलं बोलणं. मी म्हटलं, "व्हय, वरची समदी काढावी लागंल." म्हणाले, "वड्याकाठची आनू. मनिषाच्या मामाची बैलगाडी मागू." आणि मग खाली पायाकडे बघत म्हणाले, "अक्काला लिही, पोरं धाड म्हनावं. शाळा सुरू व्हायच्या आधी दोन दिस का व्हईना."

तेव्हा अक्का, पोरांना पाठवा. टमाटे नाहीत. सोमेश्वरला सांगा, पुडी आणू नकोस.

हे पत्र लिहून झाल्यावर सवयीने यांच्यापुढे धरणार होते. त्यांनी लांबूनच मान हलवली, "न्हाई. तुझं तू टाक." म्हणून मी चपला घालून टपालपेटीकडे निघाले आहे, आणि पाकीट बंद करायच्या आधी हे शेवटचं लिहिते. मागे मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं, आज खरं लिहिते. पाय बरा नाही. अजून पू येतो, रात्री ठणकतो, आणि ठणकला की हे ओरडतात. डॉक्टर म्हणाले होते, दुखायला लागलं की मला कळवा, ते चांगलं लक्षण आहे.

अक्का, पाय दुखतो आहे.

तुमची,
सत्यशीला